भिंतीवरचे दुपारचे हात

१

पोचूभाऊ आत्रामांच्या घरभरणीची पहिली पंगत उठली, आणि दुसरी बसायच्या आत आतल्या खोलीच्या भिंतीवर दोन हात उगवले.

'उगवले' म्हणतो, कारण दुसरा शब्द मला आजही सुचत नाही. रंगाचा शेवटचा हात आदल्या संध्याकाळीच झाला होता, आणि सकाळी त्याच खोलीत घरचे देव बसवले तेव्हा भिंत लख्ख आकाशी होती. सगळ्या पोंभुर्ण्यानं ती डोळ्यांनी पाहिली होती. दुपार कलली, बाया वाढायची भांडी आणायला आत गेल्या आणि एकीच्या हातातली परात दणकन खाली पडली. मी तोंडातली बुंदी तशीच धरून धावलो. पश्चिमेच्या भिंतीवर, माझ्या कमरेच्याही खाली, दोन तळहात होते. काळपट, ओलसर. बोटं वर करून फाकलेली, आणि तळव्यांपासून खाली ओढत गेलेल्या दोन रेघा. कोणीतरी भिंतीला धरून खाली घसरावं तसे. त्यांच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर वर, एक छोटा डागही होता. पण एवढे मोठे हात समोर असताना डागाकडे कोण बघतं.

बायांमध्ये कोणीतरी "चुडैल" म्हणालं आणि मांडव अर्धा रिकामा झाला. दुसरी पंगत बसलीच नाही.

पोचूभाऊ वनखात्यातून नुकतेच निवृत्त झालेले. शेवटची वर्षं हेमलकशाच्याही पलीकडच्या रानात काढलेली, वाघाला न घाबरलेला माणूस. तेही दारात उभे राहून भिंतीकडे बघत राहिले. त्यांची विधवा बहीण मंगलीबाई मात्र पुढे झाली आणि म्हणाली की रंगाऱ्यानं काम बिघडवलं, उद्याच्या उद्या हे प्लास्टर छिलून काढा. आणि पोचूभाऊंची एकुलती एक मुलगी सीता, विशीतली, बिनआईची, ती ना ओरडली ना पळाली. भिंतीसमोर खाली बसली आणि बघत राहिली. त्या दिवसापासून तिनं अन्न सोडलं.

मंगलीबाईंशी माझं फारसं पटत नाही, हे आधीच सांगतो. मी लियाकत, एसटीत कंडक्टर होतो, या पावसाळ्यात निवृत्त झालो. चैत्रात चंद्रपूरच्या गाडीत आमचं चांगलंच वाजलं होतं. मांडीवर पानांनी झाकलेली टोपली. काय आहे विचारलं तर मोहफुलं म्हणाली. टपावर ठेव म्हटलं तर ऐकेना. मोहाची टोपली आत घेतली की गाडीभर वास सुटतो आणि लोक कंडक्टरच्या नावानं शंख करतात. त्या दिवशी कोणी कुरकुरलं नाही, हे माझं नशीब.

२

भिंतीला रंग देणारा अजीम माझ्या बायकोचा भाचा. चार-पाच दिवसांत त्याचं तोंड चिमणीएवढं झालं. गावात कोणी त्याला उभं करेना. त्यानं हातांवरून पुन्हा रंग फिरवला होता, तो वाळला, आणि दुपारी हात परत आले. रंगाचा आणखी एक थर दिला, तरी आले. सकाळी भिंत साफ असते, ऊन कललं की उगवतात, आणि रात्रीतून निघून जातात. ते काही धड उभ्या उभ्या सांगता येईना, म्हणून तो आमच्या ओसरीवर बसून खैरुनला सांगू लागला.

खैरुन म्हणजे माझी बायको. सरकारी दवाखान्यात नर्स होती. निम्म्या तालुक्याची नाळ तिनं कापली आहे. आमच्या घरात बोलणं हिंदीत चालतं, गावात मराठीत. इथे मी सगळं एकाच हंडीत घालतो. निवृत्त झाल्यापासून तिच्या तपासणीला उरलेला पेशंट मी एकटाच, त्यामुळे अजीम आला याचा मला मनातून आनंदच झाला. ती माझ्या गुडघ्यांना चोळायला टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, घेऊन बसली होती. मार्गशीर्षाची थंडी, बाटलीतलं तेल तुपासारखं गोठून पांढरं झालेलं. बाटली उन्हात ठेवून तिनं विचारलं की रंगाआधी भिंत बंद केली होती का.

अजीमला राग आला. कोरं प्लास्टर म्हणजे तहानलेलं ढोर, तो म्हणाला, वरून कितीही रंग पाजा, पिऊन टाकतं. म्हणून आधी प्रायमर मारून त्याचं तोंड बंद करायचं, मग रंग. त्यानं दिवाळीनंतर सगळं घर प्रायमरनं बंद केलं होतं. फक्त त्या एका जागी प्रायमर धरेना, ब्रशखालून सरकून जाई. त्याला वाटलं ओल असेल. दुप्पट मारला आणि पुढे गेला.

खैरुननं मान हलवली. बाटली माझ्या हातात दिली. उन्हात तेल वितळून पिवळं, नितळ झालं होतं. ती बाटलीकडे इतका वेळ बघत बसली की माझे गुडघे तसेच राहिले.

"शगुफ्ताचे अब्बा, चपला घाला," ती म्हणाली. शगुफ्ता आमची लेक, नागपूरला दिलेली. तिच्या नावानं हाक आली की मला नाही म्हणायची सोय नसते.

पोचूभाऊंच्या दारात पोहोचलो तर ते आमचीच वाट बघत असल्यासारखे बाहेर आले. त्यांना भिंतीचं काहीच पडलं नव्हतं. ते म्हणाले, "नर्सबाई, घर जाऊ द्या चुलीत. माही पोरगी मरून राह्यली. तिले वाचवा."

३

सीता खरंच मरत होती. दुखणं काही नाही, ताप नाही, आणि पोर वाळत चाललेली. सकाळी भिंतीसमोर जाऊन बसायची ती दिवे लागेपर्यंत. पाण्याचा घोट दिला तर घ्यायची, भात दिला तर तोंड फिरवायची.

गावाचा संशय आता इसरूवर होता. इसरू पोचूभाऊंचा चुलतभाऊ. घराच्या जागेवरून दिवाळीपासून त्याचं आणि पोचूभाऊंचं वाकडं. घर भुताचं ठरलं की जागा आपसूक त्याच्या पदरात पडेल, असा हिशेब लोकांनीच मांडून दिला होता. मलाही तो पटला. इसरू दिसायलाही चोरासारखाच, त्याला तो बिचारा काय करणार.

सकाळची वेळ होती, भिंत साफ होती. हात कुठे येतात तिथे अजीमनं खडूनं गोल काढून ठेवला होता. खैरुननं आपल्या अंगठ्याला तेल लावलं आणि गोलाच्या बाहेर, चांगल्या भिंतीवर उमटवलं. मग साबणाच्या फडक्यानं पुसलं. अंगठा गेला. त्यानंतर गोलाच्या आत चाकूनं रंग खरवडला. आकाशी थर निघाला, खालचा पांढरा प्रायमर पापुद्र्यासारखा सुटून आला, आणि खाली उघडं प्लास्टर. बाकी प्लास्टर राखाडी होतं. या जागी ते काळसर, चिकट दिसलं. तिनं त्यावर पाण्याचे थेंब टाकले. ते कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखे तसेच उभे राहिले, आत शिरले नाहीत.

"तेल हाय," अजीम म्हणाला.

तेल होतं, आणि ते प्रायमरच्या खाली होतं. खैरुननं मला बाजूला नेऊन समजावलं. भिंत बंद झाल्यावर कोणी तेलाचा हात लावला असता तर तो वरच राहिला असता, आत्ताच्या अंगठ्यासारखा पुसून गेला असता. हा हात भिंतीनं पिऊन घेतला आहे. म्हणजे भिंत कोरी, उघडी होती तेव्हाचा हा हात आहे. इसरू उन्हाळाभर सिरोंच्याकडे होता, तो दिवाळीला आला आणि घराचं कुलूप उघडलं ते त्याच्या नंतर, अजीमनं. भांडण करणारा माणूस भांडणाच्या आधी येऊन भूत पेरून जात नाही.

मी म्हटलं, मग मिस्त्री असेल, गवंडी. ती म्हणाली, प्लास्टर झाल्यावर कित्येक दिवस भिंतीवर पाणी मारतात. ओली भिंत तेल घेत नाही. भिंत पुरती वाळायला चैत्र उजाडला असणार. तेव्हा घर बंद होतं.

"मग चाबी कोणापाशी होती?" मी विचारलं.

 खरवडण्या-बोलण्यात दुपार कलली होती, आणि पश्चिमेची भिंत बाहेरून उन्हानं तापली होती. आतल्या खोलीत काही हललं म्हणून आम्ही वळलो. हात उगवत होते, फोटो धुताना कागदावर माणूस येतो तसे हळूहळू. सीता त्यांच्यासमोर उकिडवी बसली होती. तिनं आपले दोन्ही तळवे उचलले आणि भिंतीवरच्या हातांवर ठेवले. बोटाला बोट बरोबर जुळलं.



४

खैरुनच्या जागी मी असतो तर तिथल्या तिथे आरडाओरडा केला असता. खैरुन दाराला कडी लावून सीतेच्या शेजारी जमिनीवर बसली. मला बाहेर घालवलं. जे कळलं ते मला तिच्याकडून, घरी आल्यावर, कळलं.

ती काही विचारत बसली नाही. तिनं फक्त स्वतः उकिडवं बसून, भिंतीला हात टेकून दाखवलं आणि म्हणाली की मी अशा शेकडो बाया पाहिल्या आहेत. कमरेखाली टेकलेले हात, बोटं वर, जोर मनगटाजवळच्या तळव्यावर आणि कळ येते तेव्हा खाली घसरणं. बाई बाळंत होताना असंच धरते, मग ती राणी असो की मोलकरीण. आणि हातांना तेल असतं, कारण सुईणीनं पोट चोळलेलं असतं.

सीता तेव्हा पहिल्यांदा रडली. रस्त्याच्या कामावर आलेला एक मुलगा होता. काम संपलं तसा गेला. पोचूभाऊ वणव्याच्या दिवसांत रजा नाही म्हणून होळीलाही घरी आले नव्हते. मंगलीआत्यानं तिला कावीळ झाली असं गावाला सांगून घरात कोंडून ठेवलं. वेळ आली तेव्हा सुकरी सुईण आणि आत्या तिला नव्या घरात घेऊन गेल्या, चावी आत्यापाशीच होती.

"जुन्या घरात काऊन नाई?" मी विचारलं.

खैरुन म्हणाली की तेच तर सगळ्यात सोपं आहे. जुन्या घरात देव होते. लपवलेलं बाळंतपण देवांसमोर करायची मंगलीबाईंची छाती झाली नाही. नव्या घरात अजून देव बसले नव्हते. देव नाहीत त्या घराला विटाळ नाही. रिकामं, कुलूपबंद, गावाबाहेर आणि नुकत्या वाळलेल्या कोऱ्या भिंतींचं. माणसांची आणि देवांची नजर चुकवली, भिंतीची कोण चुकवतो.

"अन् लेकरू?"

मेलेलं जन्मलं, असं सीतेला सांगितलं होतं. ती बेशुद्ध झाली, जागी झाली तेव्हा शेजारी काही नव्हतं. मुलगा होता की मुलगी, तेही सांगितलं नाही. कुठे पुरलं ते सांगितलं नाही. आठ महिने तिनं ते गिळलं. आणि घरभरणीला भिंतीनं तिचे हात परत आणले, आणि हातांच्या बाजूला तो छोटा डाग.

सीता खैरुनला म्हणाली होती, "नर्सबाई, ते दुपारी उठते अन् लात मारते. मले बलावते. मी जाते त्याच्यापाशी."

खैरुननं त्या डागाला हात लावून पाहिला होता. तिच्या मधल्या बोटाएवढाच होता. वरच्या टोकाला तिळाएवढे पाच ठिपके. पाऊल होतं ते. आणि एक नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही सुकरी सुईणीकडे गेलो. म्हातारी दारात बसून सूप पाखडत होती. नव्या घरात आपण कधी पाय ठेवला नाही, असं तिनं न विचारताच सांगितलं. खैरुननं ते ऐकून घेतलं. मग तिनं भलतंच विचारलं: मेलेलं लेकरू झालं तर सुईण त्याला तेल लावते का?

सुकरीचं सूप थांबलं. ती म्हणाली, "कोण लावन? जित्या लेकराले तेल. मेल्याले माती."

 घरी आल्यावर उंबऱ्यात चपला काढताना खैरुन म्हणाली, "उद्या सकाळी सगळ्यांना त्या खोलीत बोलवा. आणि माझी गरम पाण्याची रबरी पिशवी शोधा. इथे भूत आहे, पण मेलेलं कोणी नाही."

५

मला वाटलं होतं की ती पोचूभाऊंना आधी बाजूला घेईल. घेतलंही. अंगणात उभं राहून एकच विचारलं, पोरगी वाचवायची की नाक. पोचूभाऊ म्हणाले, नाकाचं काय घेऊन बसल्या, बाई. तुम्ही सांगा, मी ऐकतो. पण त्यांच्या हाताच्या मुठी वळलेल्या मला दिसत होत्या, आणि खुंटीवर कुऱ्हाड होती. मी जाऊन गुपचूप कुऱ्हाडीच्या आणि त्यांच्या मधे उभा राहिलो. निवृत्त कंडक्टरला याहून जास्त शौर्य झेपत नाही.

खोलीत सीता भिंतीला टेकून, मंगलीबाई दारापाशी, सुकरी कोपऱ्यात. सकाळची थंडी, भिंत साफ. खैरुननं गरम पाण्याची पिशवी भिंतीला लावून धरली. थोड्या वेळानं काढली. भल्या सकाळी, उन्हाचा पत्ता नसताना, तिथे उजवा हात उगवला होता.

सुकरीनं डोळे मिटले. मंगलीबाई दाराच्या चौकटीला टेकल्या.

खैरुन सांगत गेली आणि मी पोचूभाऊंच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. टोरीचं तेल थंडीत गोठतं, तेव्हा रंगाखाली दिसत नाही. ऊन लागलं की वितळतं आणि डाग वर येतो. म्हणून हात दुपारी येतात आणि रात्री जातात. मग भिंत कोरी असतानाची गोष्ट, बंद घराची, चावीची, देव न बसवलेल्या घराची. मुलीचं नाव तिनं घेतलं नाही, त्याची गरज उरली नव्हती. पोचूभाऊंनी एकदा सीतेकडे पाहिलं. सीतेनं मान खाली घातली नाही. मरायला निघालेल्याला भीती कसली.

मग खैरुननं पिशवी खाली, जमिनीपासून वीतभर वर, लावली. ती काढली तेव्हा आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. एक पाऊल होतं. त्यावर तिरकं दुसरं. थोडं वर तिसरं, अर्धवट, नुसती बोटंच.

"मेलेलं लेकरू एकदाबी लात मारत नाई, पोरी," खैरुन सीतेला म्हणाली. "यानं कितीदा मारली, पाय तेलानं माखलेले हायत. आंघोळ घालून, तेल लावून, इथी भिंतीपाशी निजवलं होतं याले. जित्या लेकराले तेल, असं सुकरीनंच काल सांगतलं."

 सीतेनं हात पुढे करून ती पावलं झाकली, जणू त्यांना वारा लागेल.

आता पोचूभाऊ बोलतील, असं मला वाटलं. कोणाचं आहे, असं ते विचारतील, कोण होता तो, म्हणतील, कुऱ्हाडीकडे बघतील. ते बहिणीकडे वळले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "कुठी हाय?"

 आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात उजेड पडला, जो खरं तर चैत्रातच पडायला हवा होता. मी म्हटलं की मोहफुलांच्या टोपलीला वास असतो. त्या टोपलीला नव्हता. गाडीत एक माणूस कुरकुरला नाही. आणि तिकीट जरी चंद्रपूरचं असलं तरी मंगलीबाई तिथे उतरून भद्रावतीच्या गाडीकडे गेल्या होत्या.

भद्रावतीला मंगलीबाईंची मुलगी रिना. जावई ऑर्डनन्स फॅक्टरीत, कॉलनीत क्वार्टर. लग्नाला कितीतरी वर्षं झाली, पदरात मूल नाही, सासरच्यांनी बोलून बोलून तिला अर्धी केलेली. यंदा तिला मूल झाल्याचं मंगलीबाईंनीच गावाला सांगितलं होतं. खैरुन म्हणाली की तिथेच मला खटकलं होतं. नातवंड झालं की आजी ते कडेवर घेऊन गावभर मिरवते. या आजीनं ते एकदाही आणलं नाही, सख्ख्या भावाच्या घरभरणीलासुद्धा नाही.

मंगलीबाई खाली बसल्या. रडत भावाला म्हणाल्या की तू पोरीला मारून टाकलं असतंस, म्हणून केलं. एकीची अब्रू राहिली, एकीचा संसार राहिला, यात माझं काय चुकलं? आणि खरं सांगतो, मला त्यांचाही राग येईना. दोन पोरींना वाचवायला निघालेली बाई होती ती. एकीला मात्र रोज थोडी थोडी मारत होती.

पोचूभाऊ म्हणाले, "पिल्लू मायपासून तोडणाऱ्याले मी जंगलात कधी सोडलं नाई, मंगले. अन् तू माह्याच घरात तोडलं." त्यांचा आवाज चढला नाही. मग ते सीतेजवळ गेले, तिला दोन्ही हातांनी उठवलं आणि म्हणाले, "चाल. पयले भात खा. गाडीत चक्कर येईन."

सीतेनं भात खाल्ला. चुलीपाशी बसून, हातानं, घाईघाईनं.

६

भद्रावतीच्या क्वार्टरचं दार रिनानं उघडलं. कडेवर मुलगी होती, जाडजूड, डोळ्यांत काजळ. मामा, सीता, मी, खैरुन आणि मागे स्वतःची आई, असं सगळं वऱ्हाड दारात बघून ती हसायला लागली, आणि मग सीतेकडे बघून थांबली. सीतेकडे बघितलं की कोणालाही कळलं असतं.

कोणी काही समजावून सांगायच्या आत रिनानंच आईला विचारलं, "माय, तू तं म्हणे हिची माय मेली."

एकीला सांगितलं लेकरू मेलं, दुसरीला सांगितलं माय मेली. रिनानं आठ महिने त्या मेलेल्या बाईच्या नावानं रोज दिवा लावला होता. तो दिवा फळीवर तसाच होता. तिनं मुलीला छातीशी धरून ठेवलं, बराच वेळ. मला वाटलं ती देणार नाही, आणि नाही दिली तर तिला कोण काय म्हणणार होतं? मग तिनं मुलगी सीतेच्या हातात दिली आणि आत जाऊन दिवा मालवला. आतून तिच्या रडण्याचा आवाज येत राहिला. खैरुन तिच्याजवळ गेली. आम्ही पुरुष अंगणात उभे राहून फॅक्टरीचा भोंगा ऐकत होतो.

रिनानं ठेवलेलं जंगू हे नाव तसंच राहिलं. दर आठवड्याला रिना पोंभुर्ण्याला येते, दोघींनाही ती पोर माय म्हणते. रिनाच्या सासरी काय काय झालं ते सांगत बसत नाही. ते सोपं नव्हतं, एवढंच. गावानंही बोलायचं ते बोलून घेतलं. पोचूभाऊ ओसरीवर नातीला मांडीवर घेऊन बसायला लागले तसं बोलणारे दुसऱ्या गल्लीनं जायला लागले.

अजीमनं भिंत छिलली नाही. सीतेनं छिलू दिली नाही. त्यानं वरचा रंग खरवडला, निघेल तेवढं तेल टिपून घेतलं, मग फर्निचरला मारतात तो लाखेचा चपडा त्या जागी मारला आणि वरून प्रायमर. भिंतीचं तोंड यावेळी पक्कं बंद झालं. हात आणि पावलं आत राहिली.

माघात पोचूभाऊंनी जंगूचं उष्टावण केलं. देवांसमोर, त्याच खोलीत. विटाळाचं काय, असं इसरूनं विचारलं, तर पोचूभाऊ म्हणाले की ही या घरात देवांच्या आधी आली आहे, आता देवांनीच तिला विचारून राहावं. मंगलीबाई चुलीपाशी होत्या. भाऊ त्यांच्याशी कामापुरतं बोलत होता, आणि त्या तेवढ्यावर राबत होत्या.

पहिली पंगत उठली. अंगणात उन्हात सीतेनं जंगूला तेल लावलं होतं, तेच टोरीचं. ती हातातून सुटून रांगत आत गेली आणि पश्चिमेच्या भिंतीला धरून उभी राहायला लागली. तेलाचे दोन्ही हात तिनं आकाशी भिंतीवर थापले. वाढणाऱ्या बायांचे पाय जिथल्या तिथे थांबले. मंगलीबाईंच्या हातातला डाव भाताच्या हंड्यात पडला.

सीता आत आली. तिनं जंगूला उचललं, खांद्यावरचं फडकं साबणाच्या पाण्यात बुडवलं आणि भिंत पुसली. हात गेले. तिनं तळवा फिरवून पुन्हा बघितलं. काही राहिलं नव्हतं.

ऊन पश्चिमेला कललं होतं. आम्ही थोडा वेळ भिंतीकडे बघत बसलो आणि मग दुसरी पंगत बसली.